चाप ओढला अन् नुसतं 'टक्क' : कतारगामच्या गेटवरची पंप अ‍ॅक्शन बंदूक ऐनवेळी का अडते?

कतारगाम (सुरत) : हिऱ्याच्या कारखान्याचं जाळीचं दार, दाराशी प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीवर बारा बोअरची बंदूक मांडीवर आडवी धरून बसलेला रखवालदार. नंदू दोशीच्या वाडीपासून गोतालावाडीपर्यंत हे दृश्य रोजचं आहे. बंदूकवाल्यांत यूपी-बिहारचे जसे आहेत तसे नंदुरबार, शिरपूर, चोपडा, अमळनेरकडचेही आहेत. कुणी फौजेतून निवृत्त झालेले, कुणी गावाकडे काम नाही म्हणून एजन्सीत लागलेले. कारखान्याच्या तिजोरीत किती माल आहे हे त्यांना कुणी सांगत नाही, सांगायची गरजही नसते. हातात बंदूक दिली म्हणजे काय ते समजायचं.

आता या बंदुकीबद्दल एक अडचणीची गोष्ट. ती चालते की नाही, हे बऱ्याच जणांना खात्रीनं माहीत नसतं. वर्ष वर्ष एक गोळी झाडलेली नसते. शेठच्या नावावर परवाना, एजन्सीच्या रजिस्टरला नोंद आणि हातात मात्र पंधरा हजारावर काम करणारा माणूस, अशी ही वाटणी. दोननळी बंदूक होती तोवर फारसा प्रश्न नव्हता. नळी मोडायची, दोन काडतुसं घालायची, बंद करायची. त्यात अडकायला काही नाहीच. पंप अ‍ॅक्शन आली तशी काडतुसं जास्त बसायला लागली आणि त्याबरोबर 'फीडिंग'चा त्रासही आला. म्हणजे काडतूस पेटीतून नळीत वेळेवर न पोचणं.

हा त्रास कशानं होतो, कुठवर आपण स्वतः बघायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे नीट कळणं गरजेचं आहे. कारण चुकलं तर एका बाजूला जीव आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग आहे. तुरुंगाचं पुढे सांगितलंच आहे.

आधी बंदुकीच्या पोटात काय आहे ते

'बारा बोअर' हे नाव जुन्या हिशेबाचं आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड होईल तेवढी या नळीची आतली रुंदी. आजच्या मापात साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक असते, जाड नाही. आकडा मोठा म्हणजे नळी मोठी, असं समजून भले भले फसतात.

पंप अ‍ॅक्शनमध्ये मुख्य नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. ती मॅगझिन. तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी बसतात. त्यांच्या पुढच्या टोकाला प्लास्टिकची किंवा धातूची एक टोपी आणि टोपीमागे लांब स्प्रिंग. ही स्प्रिंग काडतुसांना सतत मागे, म्हणजे बंदूकवाल्याच्या दिशेनं, ढकलत असते. ती सगळी एकदम बाहेर सांडू नयेत म्हणून तोंडाशी दोन बाजूंनी दोन खटके असतात. त्यांना शेल स्टॉप म्हणतात. एक खटका काडतूस अडवतो, दुसरा त्याच्या मागच्याला धरतो. दोघांची पाळी ठरलेली असते.

नळीखालची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ मागे ओढली की काय काय होतं बघा. आतला बोल्ट मागे येतो. त्याला लावलेला आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, नळीतलं रिकामं टरफल ओढून आणतो आणि ते बाजूच्या खिडकीतून बाहेर उडतं. बोल्ट मागे येता येता घोडा चढतो. मूठ अगदी शेवटपर्यंत मागे गेली की मगच खटका उघडतो आणि एक नवं काडतूस मॅगझिनमधून निसटून लिफ्टरवर येतं. लिफ्टर म्हणजे चमच्यासारखी पट्टी. मूठ पुढे ढकलली की लिफ्टर काडतूस वर उचलतो, बोल्ट ते नळीच्या मागच्या खोलगट भागात, चेंबरमध्ये, ढकलतो आणि कुलूप लागतं. मग बंदूक तयार.

हे सगळं हाताच्या जोरावर चालतं. दारूच्या धक्क्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकसारखं नाही. त्यामुळे काडतूस हलकं आहे की भारी, याचा पंप अ‍ॅक्शनला फारसा फरक पडत नाही. ही या बंदुकीची ताकद. पण हात ढिला पडला की बंदूकही ढिली, हे तिचं दुखणं. अमेरिकेत ही तऱ्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहे. रेमिंग्टनचं ८७० हे मॉडेल १९५० पासून आणि मॉसबर्गचं ५०० हे १९६१ पासून चालत आलं आहे. आपल्याकडे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची पंप अ‍ॅक्शन ओळखीची आहे. काडतुसं बहुतेक वेळा पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची, 'शक्तिमान' छापाची. बनावटीत थोडाफार फरक असला तरी वर सांगितलेली साखळी सगळ्यांत तीच.

काहीही बघण्याआधी

अडलेली बंदूक ही भरलेली बंदूक, असंच धरून चालायचं. 'रिकामी होती' हे वाक्य पोलीस पंचनाम्यात फार वेळा येतं.

नळीचं तोंड माणूस नसलेल्या दिशेला, शक्यतो वाळूच्या पेटीकडे. गेटवर वाळूनं भरलेली एक पेटी किंवा जाड ड्रम ठेवायला खर्च येतो किती? तरी निम्म्या ठिकाणी नसते. कारखान्याच्या भिंतीकडे तोंड केलं तर भिंतीपलीकडे घंटीवर बसलेले कारागीर असतात, हे लक्षात ठेवायचं. बोट चापापासून लांब. सेफ्टी लावलेली. मग चापाजवळचा सोडखटका दाबून मूठ हळू मागे घ्यायची, चेंबरमधलं काडतूस काढायचं. मॅगझिनमधली काडतुसं खालच्या तोंडातून खटका दाबून एक एक हातात घ्यायची. शेवटी डोळ्यानं बघायचं आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं : चेंबर रिकामं, लिफ्टरवर काही नाही, मॅगझिनच्या तोंडाशी टोपी दिसते. टोपी दिसत नसेल तर मॅगझिन रिकामं झालेलं नाही, किंवा टोपी आत कुठेतरी अडकली आहे.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'बंदूक जाम झाली, मूठ मागेच येत नाही' अशी जी तक्रार असते, त्यातल्या कित्येक वेळा बंदुकीला काहीच झालेलं नसतं. घोडा चढलेला असला की मूठ कुलूपबंद राहते, ती तशी राहावी म्हणूनच केलेली आहे. सोडखटका दाबला की येते. नव्या माणसाला हा खटका कुणी दाखवलेलाच नसतो. तो बिचारा दोन्ही हातांनी ओढत बसतो, आणि ओढताना बोट कुठे जाईल सांगता येत नाही.

काडतूस कुठे अडलंय?

फीडिंगचा दोष शोधायचा सरळ मार्ग एकच. काडतूस साखळीत नेमकं कुठे थांबलं ते बघायचं. मॅगझिनमध्येच आहे? लिफ्टरवर? चेंबरच्या तोंडाशी? का चेंबरमध्ये जुनं टरफल बसून आहे? जागा कळली की कारण बहुतेक कळतंच.

त्याआधी आवाजाचं बघू. चाप ओढला आणि 'टक्क' वाजलं पण बार झाला नाही, तर तीन शक्यता. चेंबर रिकामं आहे, किंवा त्यात झाडलेलंच टरफल परत बसलं आहे, किंवा काडतूस आहे पण पेटलं नाही. चाप ओढल्यावर 'टक्क'सुद्धा नाही, चाप मेल्यासारखा, तर आधी सेफ्टी बघा. ती काढलेली असेल तर बहुधा मूठ पूर्ण पुढे गेलेली नाही. बोल्टला कुलूप लागल्याशिवाय घोडा सुटू नये अशी आत सोय असते.

यातली तिसरी शक्यता, म्हणजे काडतूस आहे पण पेटलं नाही, ही सगळ्यात धोक्याची. लगेच मूठ ओढायची नाही. तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. कधी कधी आतली दारू उशिरा पेट घेते. बंद चेंबरमध्ये पेटली तर बार होईल एवढंच, पण उघडताना पेटली तर तोंडावर येईल. दरोडेखोर समोर असेल तर अर्धा मिनिट कोण थांबणार, हा प्रश्न रास्त आहे. पण सरावात आणि तपासणीत तरी थांबलंच पाहिजे.

आणि बार झाला पण आवाज फुसका आला, धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला, तर तिथेच थांबायचं. नळीत काहीतरी अडकलेलं असू शकतं. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय दुसरं काडतूस घालायचं नाही. अडलेल्या नळीत दुसरा बार म्हणजे नळी फुटणं.

सगळ्यात मोठं कारण : अर्धवट ओढलेली मूठ

बंदुकीला दोष देण्याआधी हाताकडे बघावं लागतं. मूठ शेवटपर्यंत मागे गेली तरच खटका नवं काडतूस सोडतो, हे वर आलंच. घाबरलेला माणूस मूठ तीन चतुर्थांश ओढतो आणि पुढे मारतो. घोडा तेवढ्यात चढलेला असतो, जुनं टरफलही पडलेलं असू शकतं, पण नवं काडतूस आलेलंच नसतं. मग 'टक्क'. त्याहून कमी ओढली तर टरफल खिडकीपर्यंत पोचतच नाही, परत चेंबरमध्ये जाऊन बसतं. पुन्हा 'टक्क'.

काही जण बंदूक जपायची म्हणून मूठ हळुवार हलवतात. हा हळुवारपणा इथे उपयोगाचा नाही. पंप अ‍ॅक्शन जोरात, पण सरळ रेषेत ओढावी लागते. मागे थडकेपर्यंत, पुढे थडकेपर्यंत. बंदूक कमरेशी वाकडी धरली, किंवा खुर्चीवर बसल्या बसल्या ओढली तर कोपराला जागाच मिळत नाही. गेटवरच्या केबिनीत हे हमखास होतं. केबिन एवढीशी, मागे भिंत, पुढे टेबल.

याला उपाय डमी काडतुसांचा. आत दारू नाही, छर्रे नाहीत, वजन आणि माप मात्र खऱ्यासारखं. अशी चार-पाच डमी असली की रोज पाळी सुरू होताना दहा वेळा मूठ मारून बघता येते. खरी काडतुसं वापरून हा सराव केबिनीत करायचा नाही. कधीच नाही. आणि डमी वेगळ्या रंगाची, वेगळ्या डब्यात. खरं आणि डमी एका खिशात राहिलं की तो सराव नाही, ती लॉटरी आहे.

काडतूस मॅगझिनमधून बाहेरच येत नाही

मूठ व्यवस्थित ओढली, तरी लिफ्टर रिकामाच. मग नजर मॅगझिनकडे.

स्प्रिंग कमजोर झाली असेल. महिनोन्महिने मॅगझिन ठासून भरलेलं राहिलं की हलक्या प्रतीची स्प्रिंग बसते. नवी स्प्रिंग मोकळी असताना नळीपेक्षा बरीच लांब असते. बाहेर काढल्यावर ती नळीएवढीच भरली तर तिचं आयुष्य संपलं समजा. टोपीला गंज चढला असेल, किंवा मॅगझिनच्या नळीला बाहेरून चेपा बसला असेल. बंदूक भिंतीला टेकवून ठेवतात, ती घसरून फरशीवर पडते, चेपा एवढासा दिसतो, पण आतली टोपी तिथेच अडते. बोटानं नळी चाचपली तर खळगा लागतो.

तेलाचं एक वेगळंच प्रकरण आहे. सुरतमध्ये मशीनचं तेल गल्लोगल्ली मिळतं. एम्ब्रॉयडरीचं मशीन असो, शिलाईचं असो, तेलाची बाटली हाताशी. कुणी खोबरेल घालतं, कुणी मोहरीचं. खोबरेल थंडीत थिजतं आणि मोहरीचं वाळून चिकट राळ होते. त्यावर रस्त्याची धूळ बसते. मॅगझिनच्या आत तर तेल नकोच, घातलंच तर पुसून घेतलेलं, हाताला जेमतेम लागेल एवढं. जास्त तेल काडतुसाच्या बुडातल्या टोपीत शिरलं तर काडतूस पेटणारच नाही, म्हणजे एक दोष काढायला गेलो आणि दुसरा घातला. बंदुकीचं तेल मिळतं ते घ्यावं. बाटली महाग वाटते, पण आत तिजोरीत ठेवलेल्या एका पुडीची किंमत मनात आणून बघा.

पावसाळ्यात हा सगळा त्रास दुप्पट. तापीकाठची दमट हवा, चार महिने ओल. बंदूक रेक्झिनच्या कव्हरात बंद करून ठेवली की आत घाम धरतो आणि गंज कव्हरातच चढतो. रात्री कोरड्या फडक्यानं पुसून मोकळी, कुलपात ठेवायची. २००६ च्या ऑगस्टमध्ये शहर बुडालं तसं पाणी बंदुकीत शिरलं असेल, तर घरी खटपट न करता ती थेट परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यायची.

आणखी एक वेळ येते ती निवडणुकीची. आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा होतात. बँका आणि सुरक्षा कामाच्या बंदुकांना अर्ज करून सूट मिळते, पण सगळ्यांनाच नाही. जमा झालेली बंदूक महिना दीड महिना दमट खोलीत पडून परत येते आणि त्याच दिवशी गेटवर उभी राहते. परत आलेल्या बंदुकीची आधी सफाई आणि डमीनं तपासणी, मग ड्युटी. दिवाळीच्या सुट्टीचंही तेच. कारखाने तीन-तीन आठवडे बंद, कारागीर सौराष्ट्रात गावी, रस्ते सामसूम. चोरीची भीती सगळ्यात जास्त तेव्हाच आणि बंदुकीकडे बघायला सुपरवायझर नसतो तोही तेव्हाच.

दोन काडतुसं एकदम

हा त्रास कमी वेळा होतो, पण झाला की बंदूक गच्च अडते. खटका झिजला, त्यात घाण साचली, किंवा बसवलेल्या जागी ढिला झाला, की एकाऐवजी दोन काडतुसं मागे येतात. एक लिफ्टरवर, दुसरं त्याच्या मागे नाहीतर खाली घुसलेलं. मूठ ना पुढे ना मागे. काही जुन्या बंदुकांत लिफ्टरखाली काडतूस गेलं की बाहेर काढायला वाटच नसते. रेमिंग्टनने याच कारणासाठी पुढे लिफ्टरला खाच पाडून मधली जीभ लवचीक केली.

भरताना झालेली चूकही इथेच येऊन थांबते. मॅगझिनमध्ये काडतूस अंगठ्यानं ढकलताना खटक्याचा 'कट्' असा आवाज येईपर्यंत आत घालावं लागतं. अर्धवट ढकललं की ते परत मागे सरकतं आणि बोल्टखाली जाऊन बसतं. जाड हातमोजे किंवा घाई असली की हमखास.

अशा वेळी बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटून मूठ सोडवायची एक रीत लोक सांगतात. सिनेमात, व्हिडिओत दिसते. आत जिवंत काडतूस अडकलेलं, तोंड वर, आपलं डोकं नळीच्या आसपास, आणि आपण आपटणार! हे करू नका. मॅगझिनमधली उरलेली काडतुसं निघत असतील तर काढा, तोंड वाळूच्या पेटीत ठेवा, खालच्या तोंडातून बोटानं काडतूस मागे-पुढे हलवून निघतं का बघा. स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, काडतुसाच्या बुडाला टोकदार काही लागता कामा नये. निघालं नाही तर बंदूक बाजूला, शेठला फोन.

चेंबरच्या तोंडाशी अडतंय

लिफ्टरनं काडतूस उचललं, पण बोल्ट पूर्ण पुढे जात नाही. दहात आठ वेळा दोष काडतुसाचा असतो आणि त्यामागे पैशाचा हिशेब असतो.

परवान्यावर एका वेळी किती काडतुसं ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेलं असतं. घेतलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद होते. त्यामुळे शेठ एकदा घेतो ती वर्षानुवर्षं चालवतो. दर पाळीला तीच काडतुसं भरायची, पाळी संपली की काढायची. दिवसाला दोन पाळ्या म्हटल्या तरी वर्षाला ७३० वेळा. प्रत्येक वेळी बुडाची पितळी कड खटक्याला घासते, आकडा तिला ओरबाडतो. कडेला कंगोरे येतात. पुढचं दुमडलेलं तोंड उघडायला लागतं, कधी छर्रे सांडतात. प्लास्टिकचं अंग स्प्रिंगच्या दाबाखाली सुरतच्या मे महिन्यात फुगतं, चेपतं. जुनी कागदी काडतुसं असतील तर ओलीनं सुजतातच. मग ती चेंबरमध्ये कशी जाणार?

तपासणी सोपी आहे. काडतुसं ओळीनं मांडून हातात फिरवून बघा. फुगलेलं, चेपलेलं, तोंड उघडलेलं, हिरवट डाग पडलेलं, हलवल्यावर खुळखुळणारं असं प्रत्येक काडतूस बाजूला काढून शेठच्या ताब्यात द्या. फेकायचं नाही, पुरायचं नाही, हिशेबातलं आहे. चांगल्या काडतुसांची जागा दर आठवड्याला बदला, म्हणजे एकच काडतूस रोज पहिलं राहणार नाही.

लांबीचं माप हा आणखी एक सापळा. नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते : ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर. काडतुसावर लिहिलेली लांबी ही झाडून तोंड उघडल्यानंतरची असते. म्हणून ७६ चं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये न झाडता आरामात बसतं. बसतं म्हणजे चालतं असं नाही. झाडल्यावर तोंड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. उलट ७० साठी बनवलेल्या पंपमध्ये आखूड काडतूस घातलं तर धोका नाही, पण खटक्यांचं गणित चुकून कधी कधी अडखळतं. आणि वीस बोअरचं काडतूस बारा बोअरमध्ये चुकून गेलं तर ते चेंबरच्या पुढे नळीत घसरून अडकतं, डोळ्याला चेंबर रिकामं दिसतं, मागून बारा बोअरचं घातलं की नळी फुटते. एका गेटवर दोन मापांच्या बंदुका असतील तर काडतुसांचे डबे वेगळ्या खोलीत ठेवा, वेगळ्या कप्प्यात नाही.

काडतुसं नवी, माप बरोबर, तरी अडतं? मग चेंबरमध्ये गंज किंवा जळालेल्या प्लास्टिकचा थर असणार. पितळी ब्रश आणि चिंधीनं साफ होण्याजोगा असतो. ब्रश मारून गेला नाही, तर घासकागद घालून चेंबर 'पॉलिश' करायला जाऊ नका. हिरे घासणाऱ्या गावात हा मोह होतो.

टरफलच निघत नसेल तर तो फीडिंगचा दोष नव्हेच. आकडा तुटला किंवा त्याच्याखाली घाण भरली आहे. जुनं टरफल आत बसलेलं, नवं काडतूस त्याच्या बुडावर जाऊन आदळतं आणि माणूस म्हणतो 'काडतूस जात नाही'. आकड्याची जागा दात घासायच्या ब्रशनं साफ करून बघावी. तुटला असेल तर काम दुरुस्तीवाल्याचं.

जीआयडीसीतल्या लेथवर नको

कतारगामला हात कसबी आहेत. हिऱ्याची हत्यारं, डाय, घंटीचे भाग करणारे टर्नर-फिटर गल्लीत सापडतात. 'भाई, जरा आ खटको घसी आप ना' म्हटलं की दहा मिनिटांत खटका घासून मिळेल. पण शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. विनापरवाना दुरुस्तीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. बंदूक परवान्याची असली तरी दुरुस्ती करणाऱ्याकडे त्याचा स्वतःचा परवाना लागतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी ओळखीच्या लेथवाल्याला या खाईत ढकलू नये. पुसणं, तेल देणं, नळी साफ करणं ही निगा झाली. कानस लावणं, खटका वाकवणं, भाग बदलणं ही दुरुस्ती झाली.

बंदूक दुरुस्तीला नेणाऱ्यानंही कागद जवळ ठेवायचा. कलम ३ मध्ये सोय आहे : स्वतःचा परवाना नसला तरी परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारानं दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी शस्त्र नेता येतं. लेखी म्हणजे लेखी. 'शेठने फोनवर सांगितलं' हे नाक्यावर चालत नाही. गेटवर उभं राहणाऱ्याचं नावही परवान्यावर 'रिटेनर' म्हणून हवं. आपलं नाव तिथे आहे का, हे रखवालदारानं बंदूक हातात घेण्याच्या पहिल्या दिवशी विचारावं. विचारलं म्हणून कुणी नोकरीवरून काढत असेल, तर ती नोकरी अशीही धोक्याचीच होती.

सीमेपलीकडून ये-जा करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. गुजरातपुरता असेल तर तो नवापूरच्या फलाटावरच संपतो. त्या स्टेशनातून तर दोन राज्यांची हद्दच जाते. बंदूक कुणी गावी नेत नाही, पण काडतूस मात्र जातं. युनिफॉर्मच्या खिशात, जेवणाच्या पिशवीच्या तळाशी, शेवटच्या पाळीला काढून ठेवलेलं आणि विसरलेलं. परवान्याशिवाय दारूगोळा जवळ सापडणं हा गुन्हाच आहे. नकळत राहून गेलं, हे कोर्टात पटवून देता येतं. सर्वोच्च न्यायालयानं जाणीवपूर्वक ताबा असावा लागतो असं म्हटलेलं आहे. पण तिथवर पोचायला वकील आणि तारखा लागतात, आणि तोवर नोकरी गेलेली असते. बंदुकीसाठी २०१९ नंतर विनापरवाना ताब्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं आहे.

म्हणून पाळी बदलताना काडतुसं मोजून द्यायची, मोजून घ्यायची, आकडा तोंडानं म्हणायचा आणि रजिस्टरला दोघांनी सही करायची. मॅगझिनमध्ये किती, चेंबर भरलेलं की रिकामं, हेही बोलूनच सांगायचं. बऱ्याच गेटवर मॅगझिन भरून चेंबर रिकामं ठेवतात. येणाऱ्याला ते माहीत नसलं तर तो गरजेच्या वेळी मूठ न मारता चाप ओढणार, आणि बंदुकीत काहीही बिघाड नसताना नुसतं 'टक्क' वाजणार.